यशयाचा बिबट्या आणि जुन्नरचा

जुन्नर तालुक्यात मी गुरांचा सरकारी डॉक्टर होतो, आणि नोकरीतलं माझं सगळ्यात लांबलेलं भांडण एका ख्रिस्ती पाळकाशी झालं. कारण होता बिबट्या. उसातला नव्हे, तो नंतर आला. आधीचा बिबट्या बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या भविष्यातला, अडीच हजार वर्षांहून जुना. त्याच्यावरून आम्ही दोघं नारायणगावात ओट्यावर बसून इतकी वर्षं भांडलो, की माझी बायको म्हणायची, "अहो, तो बिबट्या एव्हाना म्हातारा होऊन मेला असेल. सोडा आता त्याला."

निवृत्त माणसाच्या हातात पेन दिलं की तो पहिल्या नेमणुकीपासून सुरू होतो आणि निरोपसमारंभाच्या नारळावर थांबतो. माझ्या बदल्यांमध्ये माझ्या बायकोलाही रस नव्हता, तुम्हाला कुठून असणार? मी एका रविवारची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी मी कोण आणि माझा धंदा काय, हे सांगावं लागेल.

माझं नाव रूबेन. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागकडे घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, देवापुढं हिब्रू आणि ताटात मासळी, असं आमचं साधं गणित. पण जुन्नर भागात माझी पाटी वाचून कुणी मला ख्रिस्ती समजायचं, कुणी मुसलमान. आण्याच्या पठारावर एका म्हाताऱ्याच्या बैलाचा खूर बघत होतो, तेव्हा त्यानं मला विचारलं, "डाक्टर, तुमी नक्की कोन?" मी त्याला इस्राएल, मिसर, फुटलेलं गलबत असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी कोकनातलं. मग सरळ तसं सांगा की राव."

आता धंद्याचं. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे धरणांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. भीमाशंकरच्या जंगलात राहायचा तो साहेब आता वारूळवाडीच्या मळ्यात पोरंबाळं वाढवायला लागला. गावात त्याला वाघच म्हणतात. वाघानं शेळी मारली की वनखात्याचा पंचनामा होतो आणि त्याच्यावर गुरांच्या डॉक्टरची सही लागते. सही करायच्या आधी मारणारा कोण, ते ठरवावं लागतं. बिबट्या नरडं धरतो. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा, बाकी अंग पुष्कळदा धड, आणि ओढत नेल्याची वाट. कुत्री मागून येतात. मांड्या, कास, शेपूट जिथं सापडेल तिथं लचके तोडतात. हे मी एका नजरेत सांगायचो, आणि माझी सही कुणी कधी खोटी पाडली नाही. एक गृहस्थ "वाघच व्हता साहेब, म्या डोळ्यानं बघितला" म्हणून छाती पिटत होते, आणि त्यांचीच दोन कुत्री बाजूला बसून तोंड चाटत होती. मी म्हटलं, "वाघाची जोडी छान पाळलीय तुम्ही."

बिबट्या फारच सोकावला तर पिंजरा लावतात. लोखंडी गजांचा लांबट पिंजरा. त्याच्या मागच्या टोकाला एक छोटा कप्पा, त्यात जिवंत करडू किंवा शेळी. मध्ये गज, म्हणजे वाघाला शेळी दिसते, तिचा वास येतो, पण तोंडी लागत नाही. तो आत आला, फळीवर पाय पडला की मागं दार धाडकन पडतं. नारायणगावच्या पेठेत एक मारवाडी जैन शेठ होते, पिढ्यान् पिढ्या इथले, मराठी आमच्याहून बरं. त्यांना करडाची दया यायची. ते एकदा टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन दवाखान्यात आले. कॅसेटमध्ये त्यांनी करडाचं ओरडणं भरून आणलं होतं. म्हणाले, "डॉक्टर, जीव कशाला ठेवायचा आत? हे लावा." वनखात्यानं त्यांच्या समाधानासाठी खरंच लावलं. वाघ आला नाही, पण शेजारच्या वस्तीवरची एक शेळी दावं तोडून आपलं करडू शोधत आली आणि स्वतःच पिंजऱ्यात अडकली. शेठ पुढं कितीतरी दिवस माझ्या दवाखान्यावरून जाताना मान वळवून जायचे.

तर पाळक. त्यांचं नाव शांतवन. उंच, किडकिडीत, जाड चष्मा, आणि आवाज असा की म्हैस विताना बिचकावी. नारायणगावात दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहायचे आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या ख्रिस्ती घरांची, म्हणजे त्यांच्या मंडळीची, प्रार्थना चालवायचे. दोन-तीन शेळ्या होत्या. त्यातल्या एकीची कास सुजली म्हणून पहिल्यांदा आले. पाटी वाचून मला ख्रिस्ती समजले आणि खूश झाले.

"रूबेन! वा, वा. कुठल्या मंडळीचे आपण?"

"कुठल्याच नाही. आम्ही शनिवारवाले," मी म्हणालो.

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी शेळीचं दावं सोडलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यभर ज्या लोकांविषयी प्रवचनं केली, त्यांतला एक जिवंत नमुना त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होता. शेळी बाहेर माझ्या बायकोची तुळस खात होती, त्याकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला वळवायचा चंग बांधला आणि मी न वळण्याचा. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते ओट्यावर हजर. आमचं शास्त्र अर्ध्याहून अधिक एकच आहे, हीच तर पंचाईत. मोशे तोच, दावीद तोच, यशया तोच. दोन भावांनी एकाच जमिनीचा सातबारा दोन तऱ्हांनी वाचावा तसं आमचं चालायचं. यशयाच्या भविष्यात एक सेवक येतो. तो मार खातो, तोंड उघडत नाही, दुसऱ्यांची पापं आपल्या अंगावर घेतो. पाळक म्हणायचे, "हा आमचा प्रभूच. शेकडो वर्षं आधी त्याचं चित्र काढून ठेवलंय, आणि तुम्ही लोक ते रोज वाचूनही ओळखत नाही." मी म्हणायचो, "चार पानं मागं जा. सेवकाचं नाव तिथं दिलंय, इस्राएल. एक माणूस नव्हे, सगळी प्रजा. मार आम्ही खाल्लाय, पाळकसाहेब, देशोदेशी. चित्र आमचं आहे."

त्यावर त्यांनी एकदा चष्मा पुसत विचारलं, "मग तो सेवक निष्पाप कसा? तुमचा यशया तर पानोपानी आपल्याच लोकांना पापी म्हणतो." प्रश्न बिनतोड होता. मी पुण्याला गेलो, सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या माझ्या मामांना विचारलं, आणि उत्तर घेऊन आलो: प्रजा सगळी सारखी नसते, तिच्यातल्या नीतिमान थोड्यांनी बाकीच्यांसाठी सोसलं. पाळक म्हणाले, "थोडे म्हणता म्हणता एकावर या, मग आपलं जमेल." असा तो माणूस होता. हरलो असं त्यानं कधी मानलं नाही, आणि मीही नाही.

पण माझा हुकमाचा पत्ता म्हणजे बिबट्या. यशया सांगतो की दावीदाच्या वंशातला राजा येईल, तेव्हा लांडगा कोकराच्या शेजारी राहील, बिबट्या करडाजवळ निजेल, एक लहान पोर त्यांना हाकत नेईल, आणि त्या पवित्र डोंगरावर कुणी कुणाला इजा करणार नाही. आमचं म्हणणं सरळ आहे. राजा आल्याची ही खूण. खूण दिसत नाही, म्हणजे राजा आलेला नाही. मी म्हणायचो, "पाळकसाहेब, तुमचा प्रभू हाच तो राजा, तो आलाय म्हणता ना? मग मी आज सकाळी कुणाच्या शेळीचा पंचनामा करून आलो?"

ते म्हणायचे, "डॉक्टर, तुम्ही बिबट्याचा अर्थ बिबट्या असा लावता, ही तुमची चूक. बिबट्या म्हणजे रागीट माणूस. करडू म्हणजे गरीब. माझ्या वस्तीवर दोन चुलतभाऊ बांधावरून एकमेकांच्या डोक्यात कुऱ्हाड घालायला निघाले होते. आज एका सतरंजीवर बसून प्रार्थना करतात. भविष्य पुरं झालं की नाही?"

"भाऊबंदकी मिटली हे उत्तम," मी म्हणायचो. "पण ते काम तंटामुक्तीवालेही करतात."

मामांनी मला एक अडचणीची गोष्टही सांगितली होती. आमच्याच एका जुन्या थोर पंडितानं म्हटलंय की लांडगा-कोकरू हे रूपक आहे, म्हणजे राष्ट्रं एकमेकांशी भांडायची थांबतील. हे मी पाळकांना प्रामाणिकपणे सांगितलं आणि पस्तावलो. ते महिनाभर मला गल्लीत बघितलं की लांबूनच ओरडायचे, "रूपक, डॉक्टर, रूपक! तुमचाच पंडित!" मी म्हणायचो, "रूपक तर रूपक. पण रूपक तरी कुठं खरं झालंय? पेपर वाचता ना?"

त्यांच्या धर्मात राजा पुन्हा यायचाय आणि बरंच काही तेव्हा व्हायचंय, हे त्यांना ठाऊक होतं. ओट्यावर ते कबूलही करायचे. "पेरणी झालीय, कापणी बाकी आहे," असं म्हणायचे. पण उभं राहून प्रवचन द्यायचं म्हटलं की ते पेरणीचंच सांगायचे. लोकांना 'झालं' हे ऐकायला हवं असतं, 'होईल' नव्हे. दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात राबून आलेल्या माणसाला वाट बघा हे कोण सांगणार? त्यांचं हे मला पटायचं नाही, पण कळायचं.

आता तो रविवार.

वारूळवाडीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या मंडळीची एक वस्ती होती. तिथं योहान नावाचा गडी राहायचा. मळ्यात मजुरी करायचा, चार शेळ्या होत्या, आणि मार्था नावाची एकुलती एक लहान मुलगी. मार्थाला फिट यायच्या. डोळे फिरायचे, तोंडाला फेस यायचा, पोर धाडकन पडायची. कपाळावर, हनुवटीवर खोका पडलेल्या. योहाननं तिला मोठ्या दवाखान्यात दाखवलं होतं. गोळ्या मिळाल्या, फिट थांबल्या, मग बरं वाटलं म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या आणि फिट पुन्हा सुरू झाल्या. त्यावरून त्यानं ठरवलं की औषधात दम नाही. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, त्यावर त्याचा सगळा भरवसा. मी माणसांचा डॉक्टर नाही, तरी दोनदा त्याला सांगितलं होतं की गोळ्या रोज द्याव्या लागतात. तो हसून म्हणाला होता, "डाक्टर, तुमी म्हशीला बी असंच सांगता."

त्या वस्तीलगतच्या उसात बिबट्या आला होता. वनखात्यानं पिंजरा लावला आणि करडू घेतलं ते योहानचंच. शनिवारी रात्री बिबट्या अडकला. रविवारी उजाडायला मी पोचलो. थोरात नावाचे वनपाल आणि त्यांचे दोन गडी होते. पिंजरा उचलायला ट्रॅक्टर यायचा होता. बिबट्या अडकला की गजांवर डोकं आपटून घेतो, कपाळ फोडतो, दात मोडतो. त्या जखमा बघणं हे माझं काम. माणसं दिसली की तो जास्त खवळतो, म्हणून पिंजऱ्यावर गोणपाट टाकतात. थोरातांनी एक कोपरा उचलला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे बघा."

रात्रभर धडका मारून बिबट्या थकला होता. मधल्या गजांना पाठ लावून पडला होता, डोळे अर्धवट मिटलेले. आणि गजांच्या पलीकडं, अगदी त्याच्या पाठीला पाठ लावून, करडू बसलं होतं. रवंथ करत होतं. मधले गज डोळ्याआड केले तर दोघं एकत्र निजलेत असंच वाटावं. इतके पिंजरे बघितले, पण असं कधी दिसलं नव्हतं. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात पाळक आपल्या लुनावरून आले. प्रार्थनेला वस्तीवर निघाले होते. त्यांनी बघितलं आणि हात जोडले. चष्म्याआड डोळे भरून आले होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "बिबट्या करडाजवळ बसलाय."

"मधले गज काढा, मग बोला," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघून हसले, पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. लुना तशीच ढकलत वस्तीकडं गेले. मीही जखमांकडं वळलो.

प्रवचनात ते काय बोलले हे मला नंतर कळलं. त्यांनी ठरवलेला उतारा बाजूला ठेवला आणि यशयाचा बिबट्या घेतला. म्हणाले, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी देवानं आज खूण दाखवलीय. भविष्य पुरं झालंय. जा, डोळ्यांनी बघून या. त्यांच्या मनात पुन्हा रूपकच असणार. पण ऐकणाऱ्यांनी थोडंच रूपक ऐकलं? हातच्या काकणाला आरसा कशाला, बिबट्या तर हाकेच्या अंतरावर होता.

प्रार्थना सुटली आणि सगळी वस्ती पिंजऱ्याकडं लोटली. त्यात आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं मिसळली. थोरातांचे दोन गडी एवढ्या माणसांना काय आवरणार? या गर्दीतून योहान पुढं आला. रविवारचा धुतलेला सदरा, कडेवर मार्था, तिच्या अंगात निळा फ्रॉक. त्यानं सरळ जाऊन पिंजऱ्याच्या दारावरचं गोणपाट ओढून काढलं.

बिबट्यानं डोळे उघडले. उठला नाही. कान मागं गेले आणि शेपटीचं टोक हलायला लागलं. बघणाऱ्यांना वाटलं, किती शांत बसलाय. मला माहीत होतं तो काय करतोय. पिंजऱ्याच्या गजांतून बिबट्याचा पंजा कोपरापर्यंत बाहेर येतो, आणि तो येताना दिसत नाही.

"योहान," मी आवाज न चढवता म्हणालो, "पोरीला घेऊन मागं ये. हळू. पाठ फिरवू नको."

"डाक्टर, तुमी बाजूला व्हा," तो म्हणाला. रागानं नाही, प्रेमानंच. "ल्हान पोर त्यास्नी हाकत नेईल असं ल्हिवलंय. माजी पोर त्याला हात लावनार. या डोंगरावर कुनी कुनाला इजा करनार न्हाई. मंग तिची फीट बी जाईल."

"अरे, तो मारेल तिला."

"तुमाला तसंच वाटनार. तुमचा इस्वासच न्हाई त्याच्यावर. तुमी कवाच मानलं न्हाई, सगळ्या वस्तीला ठावं हाय."

इतकी वर्षं मी ओट्यावर बसून मोठ्या आवाजात जे सांगत होतो, त्याच्यामुळं माझ्या शब्दाला तिथं कवडीची किंमत नव्हती. थोरात त्याच्या दिशेनं सरकले, तसा तो आणखी पिंजऱ्याला चिकटला. झटापट झाली असती तर पोर गजांवरच गेली असती. मार्थाला काहीच भीती नव्हती. तिला आतलं आपलं करडू दिसत होतं. तिनं हात पुढं केला.

गर्दीच्या मागून पाळक धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"योहान, मागं ये," ते म्हणाले.

योहाननं मान वळवली. "पाळकसायेब, तुमीच सकाळी सांगितलं, भविष्य पुरं झालं. झालं का न्हाई? एवढंच सांगा. झालं आसंल तर माजी पोर हात लावंल."

सगळी मंडळी पाळकांकडं बघत होती. ते दोघे चुलतभाऊही होते. पाळकांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांना हवा असता तर आडमार्ग होता. रूपक आहे, वेळ वेगळी, जागा वेगळी, असं काहीतरी बोलून बाजू राखता आली असती. पण रूपक समजावेपर्यंत पोरीचा हात गजांत गेला असता. आणि सरळ 'नाही'वाचून दुसऱ्या शब्दानं योहान हलणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

"नाही, योहान," ते म्हणाले. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. मग त्यांनी तो चढवला, सगळ्यांना जाईल इतका. "झालेलं नाही. तो दिवस अजून यायचाय. हा बिबट्या बिबट्याच आहे, आणि मी सकाळी जे सांगितलं ते चुकीचं सांगितलं. पोरीला मागं घे."

योहानच्या तोंडावरचं तेज गेलं. त्यानं एक पाऊल मागं टाकलं. तेवढ्यात बिबट्या उठला. पिंजरा सगळा दणाणला, करडू किंचाळलं, आणि मार्थाचा हात जिथं होता तिथं पंजा बाहेर आला. फ्रॉकच्या बाहीची एक चिंधी त्याच्या नखाला लटकत राहिली. पोरीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मी गोणपाट टाकलं.

योहान खाली बसला होता, पोर छातीशी धरून. त्यानं वर बघितलं ते पाळकांकडं.

"मंग माज्या पोरीनं कवापोत्तर वाट बघायची?" त्यानं विचारलं.

पाळक त्याच्यासमोर मातीत बसले. कुणीतरी मला म्हणालं, "डाक्टर, तुमच्यात काय सांगत्यात?" नोकरीतला माझा सगळ्यात मोठा विजय समोर वाढून ठेवला होता, तोही प्रतिवाद्याच्या तोंडून, त्याच्याच मंडळीदेखत. मला तो मुळीच नको होता. मी म्हणालो, "आमच्यातही वाटच बघताहेत. पण फिटच्या गोळ्यांना वाट बघायची गरज नाही. चला, जीपमध्ये बसा."

थोरातांनी जीप दिली. पाळक पुढं, योहान आणि पोर मागं, मी त्यांच्याशेजारी. जीप थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की वर्षानुवर्षं, एक दिवस न चुकवता द्यायच्या. योहाननं मान हलवली. पण त्याच्या हलवलेल्या मानेवर पाळकांचा भरवसा नव्हता.

त्यानंतर त्या वस्तीवरची बरीच घरं पाळकांच्या प्रार्थनेला येईनाशी झाली. काही दुसऱ्या मंडळीत गेली, जिथं सगळं 'झालं' असं सांगणारे होते. वरिष्ठांनी पाळकांना बोलावून समज दिली. आणि योहाननं तर तोंड बघणं सोडलं. बिबट्यापेक्षा पाळकांनी आपल्याला जास्त फसवलं, असं तो चारचौघांत म्हणायचा. पाळक रोज संध्याकाळी लुनावरून वस्तीवर जायचे. योहान त्यांना आत घ्यायचा नाही. ते दाराबाहेर उभे राहायचे, मार्थाच्या आईच्या हातात त्या दिवसाची गोळी द्यायचे, पोरीनं ती गिळलेली दारातून बघायचे आणि परत फिरायचे. ओट्यावर उशिरा येऊ लागले. यशया आम्ही दोघांनीही काढला नाही. बाकी दावीद, मोशे चालू होते, पण आमच्या भांडणातली चव गेली होती. मला फार वाईट वाटायचं. असा तोडीस तोड भांडणारा माणूस नशिबानं मिळतो.

उन्हाळा संपत आला तेव्हा योहान एक शेळी खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. पोट फुगून शेळी तट्ट झाली होती. मी तिला गोडेतेल पाजलं, डाव्या कुशीला चोळायला सांगितलं. तो चोळत होता आणि जमिनीकडं बघत होता.

"पोर कशी आहे?" मी विचारलं.

"फीट न्हाई आली. लई दिस झालं." त्यानं शेळीची कूस आणखी चोळली. मग म्हणाला, "डाक्टर, एक इचारू? त्या दिशी पाळकसायेब व्हय म्हनलं असतं तर?"

"दोन तालुके त्यांच्या प्रार्थनेला लोटले असते," मी म्हणालो. "प्रवचनाला जागा पुरली नसती."

"आन माजी पोर?"

शेळीनं एक मोठा ढेकर दिला, तिचं पोट बसायला लागलं. तो तिला परत खांद्यावर घेऊन चालता झाला.

पुढच्या रविवारी मी वस्तीवर एका गाईला बघायला गेलो होतो. काम उरकून प्रार्थनेच्या खोलीबाहेर ओट्यावर पाळकांची वाट बघत बसलो. आत मोजकीच माणसं होती, सतरंजीचा बराच भाग रिकामा. पाळक नेहमीसारखे उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि उतारा वाचायला लागले. तेवढ्यात माझ्या अंगावरून कुणीतरी आत गेलं. योहान होता. मागं बायको, कडेवर मार्था. त्यानं चप्पल काढली, पार पुढं गेला आणि पाळकांच्या समोर मांडी घालून बसला. पोरीला मांडीवर घेतलं.

पाळक वाचायचे थांबले. बोट ओळीवरच होतं, पण ओळ सापडेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाहेर माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

शेवटी योहानच म्हणाला, "बोला, पाळकसायेब. आमी बसलोय."